होडीच्या मापाचं शीड

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राज्यं लहान होती, पण समुद्र आजच्याएवढाच मोठा होता.

त्या समुद्राच्या काठी एक गाव होतं आणि गावासमोर, पाण्यापलीकडे, एक बेट होतं. बेटावर नारळी होत्या, मासळी वाळवायला लांबच लांब वाळू होती, हसरी आणि भांडखोर माणसं होती. नव्हतं ते फक्त गोडं पाणी. पूर्वी तिथे एक चांगली विहीर होती. पण एका मोठ्या वादळात समुद्र त्या विहिरीत शिरला आणि तिचं पाणी खारट झालं ते झालंच. तेव्हापासून बेटावरचं पिण्याचं पाणी गावातल्या झऱ्यावरून होडीने जायचं.

ती होडी पोशा आणि चांगुणा या नवरा-बायकोची होती. पोशाने ती स्वतःच्या हाताने बांधली होती. सपाट तळाची, दोन्ही टोकांना निमुळती, एका फळीवर दुसरी फळी चढवून पक्की ठोकलेली. तळ सपाट असल्यामुळे ती उथळ पाण्यातून थेट बेटाच्या वाळूपर्यंत जायची. मोठ्या गलबतांना ते जमत नसे.

या होडीचा एक स्वभाव होता. पाण्याचे माठ भरून ठेवले की ती खाली बसायची आणि लाटांवरून सोशिक गाईसारखी चालायची. रिकामी झाली की मात्र तिचं अंग हलकं व्हायचं. मग कुणी नुसतं एका बाजूला सरकलं तरी ती डुलायची. पोशाला हे ठाऊक होतं. चांगुणाला तर ते इतकं सवयीचं झालं होतं की रिकाम्या होडीत ती शिंकायचीसुद्धा मधोमध बसून.

दोघंही वल्ही मारायची. सकाळी निघायचं, दुपारी पोचायचं, संध्याकाळी परतायचं. दिवसाला एकच खेप व्हायची. पावसाळ्यात आणि थंडीत तेवढं पुरायचं. उन्हाळा आला की बेटावरच्या बाया रिकामे हंडे घेऊन किनाऱ्यावर उभ्या राहायच्या, आणि होडी रिकामी झाली तरी काही हंडे रिकामेच राहायचे.

एका उन्हाळ्यात असंच झालं. शेवटचा माठ संपला आणि रांगेत एक म्हातारी उरली. ती काहीच बोलली नाही. हंडा उलटा करून डोक्यावर ठेवला आणि निघून गेली.

परत येताना पोशा म्हणाला, "ती बोलली असती तर बरं झालं असतं."

"बोलून पाणी थोडंच वाढणार होतं?" चांगुणा म्हणाली. "वल्ह्यांनी एवढंच होणार. आता शीड लावायला हवं."

पोशाने वल्हं थांबवलं. त्याच्या मनातही तेच होतं. वारा खाडीच्या तोंडातून आडवा वाहायचा, म्हणजे जातानाही कामाचा आणि येतानाही कामाचा. दिवसाला दोन खेपा सहज झाल्या असत्या.

पण शीड कोणतं?

गावात ही गोष्ट पसरली आणि ज्याला त्याला मत फुटलं. कुणी म्हणालं, तिकोनी शीड लाव, वाऱ्याला चिरत जातं. कुणी म्हणालं, दोन डोलकाठ्या उभ्या कर, दिसायलाही छान. पोशाच्या चुलत्याने तर वाळूवर बोटाने असं शीड काढून दाखवलं की ते पेलायला आधी एक किल्ला बांधावा लागला असता.

सगळ्यात मोठं मत होतं भिकू तांडेलाचं. तांडेल म्हणजे जहाजाचा मुख्य खलाशी. भिकू तांडेलाचं गलबत दूरदूरच्या बंदरांना जाऊन आलेलं होतं. एकदा राजाचा नजराणा घेऊन ते वादळातून सुखरूप परतलं, तेव्हा राजाने त्याच्या खांद्यावर शेला घातला होता. माणूस बोलायला कडक, पण हात सढळ. तो स्वतः चालत पोशाच्या दारी आला, आणि त्याच्यामागून दोन गडी एक भलंमोठं शीड खांद्यावर घेऊन आले.

"हे माझ्या गलबताचं पुढचं शीड," तांडेल म्हणाला. "नवीन शिवून घेतलंय, म्हणून हे उतरवलं. अजून दहा वर्षं टिकेल. बेटावरची लेकरं तहानेली राहतात हे मला बघवत नाही. घे."

पोशाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वाकून तांडेलाच्या पायांना हात लावला.

चांगुणाने शिडाचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. जाड, घट्ट विणीचं, समुद्राने मुरवलेलं. असं कापड त्यांना जन्मात घेता आलं नसतं. मग ती शीड जिथे संपत होतं तिथपर्यंत चालत गेली. बरंच चालावं लागलं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, शीड चांगलं आहे. पण आपल्या होडीला जरा मोठं नाही का?"

"अगं, वारा फुकट मिळतोय, मग थोडा का घ्यायचा?" पोशा हसून म्हणाला. "आणि तांडेलापेक्षा आपल्याला जास्त कळतं का?"

समुद्रावरच्या कुणालाही विचारलं असतं तरी तांडेलाला जास्त कळतं असंच त्याने सांगितलं असतं. चांगुणा ताटं उचलायला लागली.

पोशाने उंच डोलकाठी उभी केली. शीड ज्याला बांधतात तो लांब आडवा बांबू होडीपेक्षाही लांब निघाला, तोही त्याने वर चढवला. माठ भरले. शीड उघडलं. आणि काय सांगावं! होडी अशी सुटली की चांगुणाच्या डोक्यावरचा पदर मागे उडाला. माठांच्या वजनाने होडी घट्ट बसलेली होती, वाऱ्याने शीड फुगलेलं होतं, आणि पोशा आनंदाने ओरडत होता. उन्हं चढायच्या आत ती बेटाला लागली.

बेटावरच्या लोकांनी नाचून घेतलं. बायांनी पोशाला ओवाळलं. ज्या घरात कधी दुसरा हंडा भरला नव्हता, त्या घरात तो आज भरणार होता.

"दुसरी खेप आणतोच!" पोशा म्हणाला. माठ रिकामे झाले होते. बेटावरची यमुनी नावाची एक तरुण बाई तान्ह्या मुलीला घेऊन गावात माहेरी जायला निघाली होती. तीही होडीत बसली. पोशाने शीड उघडलं आणि शिडाचा दोर, हाताला काचतो म्हणून, खुंटीला बांधून टाकला.

"बांधू नका," चांगुणा म्हणाली. "होडी रिकामी आहे."

"येताना नाही का आलो? काय झालं?"

अर्ध्या वाटेवर समोर गावाच्या डोंगरातली एक खिंड येते. तिथून अधूनमधून वाऱ्याचा झोत सुटतो. सकाळीही सुटला होता, पण तेव्हा होडीत माठ भरलेले होते. आता तो झोत त्या मोठ्या शिडावर आदळला आणि हलकी होडी एका अंगावर झुकली. पोशा दोर सोडायला धावला. गाठ ताणाने आवळली गेली होती. त्याच्या बोटांना ती सुटेना. लांब बांबूचं टोक पाण्यात घुसलं, शिडात पाणी भरलं, आणि होडी पालथी झाली.

चांगुणा पाण्यावर आली तेव्हा तिला आधी यमुनी दिसली. नुसतीच यमुनी. तिचे हात रिकामे होते.

चांगुणाने श्वास घेतला आणि बुडी मारली. पसरलेल्या शिडाखाली अंधार होता. हाताला दोर लागले, माठ लागला, आणि मग काहीतरी मऊ लागलं. तिने ते धरलं आणि वर आली. मुलगी निळी पडली होती. चांगुणाने तिला उलटं धरून पाठीवर थाप मारली, एकदा, पुन्हा, पुन्हा. मुलगी खोकली, आणि तिने असा टाहो फोडला की पोशा पालथ्या होडीला धरून स्वतःच रडायला लागला.

भिकू तांडेलाचं गलबत जवळच नांगरून उभं होतं. त्याच्या खलाशांनी सगळ्यांना वर ओढलं. माणसं वाचली. होडीही वाचली.

तांडेल कठड्याशी उभा होता. ओलं शीड पाण्यातून वर ओढलं जात होतं, ते तो बघत होता. "शिडात दोष नाही," तो म्हणाला. "चालवणाऱ्यात असेल."

पोशाने मान खाली घातली.

त्यानंतर बेटावरचं वातावरणच पालटलं. यमुनीची सासू किनाऱ्यावर येऊन म्हणाली, "पाणी आणा, उपकार आहेत तुमचे. पण आमचं माणूस या होडीत आता पाय ठेवणार नाही." आणि कुणीच पाय ठेवला नाही. पोशाने डोलकाठी उपटून घरामागे टाकली. तो पुन्हा वल्ही मारायला लागला, पहिल्यापेक्षा जोरात, जशी काही शिक्षाच भोगत होता. खेप पुन्हा एकच झाली. हंडे पुन्हा रिकामे राहायला लागले.

थोडे दिवस गेल्यावर चांगुणाने विषय काढला. "अहो, शीड लावू या."

पोशाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने विस्तव गिळायला सांगितलं. "तू पाण्याखाली होतीस ना? की दुसरीच कुणी होती?"

"मीच होते. म्हणून तर सांगते. आपण शिडामुळे बुडालो नाही. दुसऱ्याच्या जहाजाचं शीड लावलं, म्हणून बुडालो."

"पुन्हा नाही."

"तेव्हा तुम्ही नुसतं मोठं बघितलंत, होडी बघितली नाहीत. आता नुसती भीती बघताय. होडी आताही बघत नाही आहात." चांगुणाचा आवाज चढला नव्हता, पण तो हलणाराही नव्हता. "बेटावर हंडे रिकामे आहेत. मला होडीला विचारू द्या."

"होडीला?"

"तिच्याशिवाय कुणाला विचारायचं राहिलंय? सगळ्यांना विचारून झालं."

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी, कमरेएवढ्या पाण्यात, चांगुणाने होडी रिकामी उभी केली. माठ नाहीत, वल्ही नाहीत. एक साधा बांबू उभा केला आणि त्याला घरातली जुनी गोधडी बांधली. पोशा पाण्यात होडीला धरून उभा राहिला. किनाऱ्यावर माणसं जमली आणि हसायला लागली.

"काय गं, झोपायला निघालीस का समुद्रावर?" कुणीतरी ओरडलं.

चांगुणाने ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. तिचं लक्ष तिच्या पायांखालच्या फळ्यांकडे होतं. गोधडी उंच बांधली की होडी लगेच कलायची. खाली बांधली की तेवढ्याच वाऱ्यात सरळ राहायची. तिने गोधडी चौकोनी धरून पाहिली, तिकोनी दुमडून पाहिली, पुढे सरकवली, मागे घेतली. होडी तिरकी पळायला लागली की ती म्हणायची, "नाही, हे नको," आणि सरळ गेली की गोधडीवर कोळशाने खूण करायची. पोशा आधी नाइलाजाने उभा होता. मग त्याचे डोळे चमकायला लागले. होडी त्याने बांधली होती. तिचं बोलणं त्याला कळायला लागलं.

"डोलकाठी जरा पुढे घे," तो आपणहून म्हणाला. "आणि ठोकू नकोस. नुसती खाचेत बसव. हाताने उपटून होडीत आडवी ठेवता आली पाहिजे."

"आता कसं बोललात!" चांगुणा म्हणाली.

असं कितीतरी दिवस चाललं. शेवटी दोघांचं एकमत झालं. डोलकाठी आखूड. शीड चौकोनी, बसकं, होडीच्या आत मावेल एवढ्याच आडव्या बांबूचं. खालच्या बाजूला बांधायच्या नाड्या, म्हणजे वारा वाढला तर शीड आणखी लहान करता येईल. आणि शिडाचा दोर बांधायचा नाही, हातात धरायचा. होडी झुकली की सोडून द्यायचा.

राहिलं कापड. गोधडी समुद्रावर टिकली नसती. चांगलं कापड घरात एकच होतं, आणि ते भिकू तांडेलाचं होतं.

पोशा म्हणाला, "कापून टाकू. दिलंय त्याने आपल्याला."

"विचारल्याशिवाय नाही," चांगुणा म्हणाली, आणि एकटीच तांडेलाच्या घरी गेली.

तांडेल ओटीवर दोर वळत बसला होता. चांगुणाने नमस्कार केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "तांडेलबाबा, तुमचं शीड आमच्या होडीला मोठं होतंय. कापायची परवानगी द्या."

तांडेलाचा हात थांबला. "कापायची? या शिडाने मला काळ्या वादळातून घरी आणलंय. राजाने त्याला हात लावून पाहिलंय. आणि तू ते कापून फडकं करणार?"

"फडकं नाही. शीडच करणार. आमचं."

"माझ्या गलबतावर ते कधी उलटलं नाही."

"तुमच्या गलबताच्या पोटात दगडांचा भार असतो, बाबा. आमची होडी येताना रिकामी असते. तुम्ही कधी बसलाय तिच्यात?"

खरं तर तांडेल लहानपणानंतर एवढ्या छोट्या होडीत बसलाच नव्हता. त्याला बेटावर जायचं असलं तर त्याचे खलाशी त्याला पडाव नावाच्या मोठ्या, रुंद होडीतून नेत. त्याने दोर बाजूला ठेवला. "चल. बसतो," तो म्हणाला.

किनाऱ्यावर पोशा होडीपाशी उभा होता. तांडेलाला पाहून हसणारे गप्प झाले. तो रुबाबात पुढे आला आणि गलबतावर चढावं तसा रिकाम्या होडीत चढला. होडी अशी झुकली की राजाचा शेला मिळवलेला तो माणूस मटकन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी कडा धरल्या. कुणी हसलं नाही. चांगुणाही हसली नाही. होडी स्थिर होईपर्यंत ती थांबली.

तांडेलाने एका बाजूला भार टाकून पाहिला, मग दुसऱ्या बाजूला. त्याचा चेहरा पालटत गेला.

"मी पोरीला मारलं असतं," तो हळूच म्हणाला. यमुनीच्या तान्हीबद्दल तो बोलत होता. "आणि वर तुलाच बोललो, पोशा."

"दोर मी बांधला होता, बाबा," पोशा म्हणाला.

तांडेल खाली उतरला. त्याने शीड वाळूवर पसरायला लावलं, चांगुणाच्या खुणांची गोधडी त्यावर ठेवली आणि कात्री मागितली. पहिला काप त्याने स्वतः घेतला. जाड कापड कचकच आवाज करत कापलं जात होतं. त्याने मधे एकदाही हात थांबवला नाही.

नवीन शीड उभं राहिलं तेव्हा गावाला हसायला नवं निमित्त मिळालं. "पोशाने लंगोट वाळत घातलाय," असं पोरं म्हणायची. खरंच ते तसंच दिसायचं. मोठ्या शिडाने होडी उडाली होती. या शिडाने ती चालायची. पण भरलेली असली तरी चालायची, रिकामी असली तरी चालायची. खिंडीपाशी झोत आला की चांगुणा दोर ढिला सोडायची, शीड फडफडायचं, झोत निघून जायचा, आणि ती पुन्हा दोर ओढून घ्यायची. दिवसाला दोन खेपा व्हायला लागल्या. बेटावरचे हंडे भरले.

माणसं मात्र अजून बसत नव्हती.

उन्हाळा सरत आला. पावसाच्या आधीचे वेडेवाकडे वारे सुटले. एकदा ते असे सुटले की थांबेचनात. मासेमारांनी होड्या वाळूवर ओढून ठेवल्या. गलबतं नांगरावर उभी राहिली. बेटावर साठवलेलं पाणी संपलं आणि लोकांनी जुन्या विहिरीचं खारट पाणी उकळून प्यायला सुरुवात केली. त्यातून मुलं आजारी पडली. बेटाच्या टोकावर लोकांनी धुराची खूण केली: पाणी पाठवा.

भिकू तांडेल किनाऱ्यावर उभा होता. "माझं गलबत बेटाच्या उथळात जाणार नाही," तो म्हणाला, "आणि या वाऱ्यात पडाव टिकणार नाही. चांगुणा, तू काय म्हणतेस?"

हा प्रश्न त्याने विचारला, आणि सगळा गाव चांगुणाकडे वळला.

तिने वाऱ्याकडे पाहिलं. लाटांकडे पाहिलं. मग होडीकडे पाहिलं. "भरलेली होडी हा वारा सोसेल," ती म्हणाली. "शिडाच्या खालच्या नाड्या बांधून घेऊ. अर्धंच शीड ठेवू. जाताना मला भीती नाही. येतानाचं येताना बघू."

ती निघाली. पोशा सुकाणूवर बसला, चांगुणाने शिडाचा दोर हातात धरला. लाटांचं पाणी आत येत होतं आणि पोशा एका हाताने ते उपसत होता. पण होडी आपल्या चालीने पुढे जात राहिली. किनाऱ्यावरच्या लोकांना ते छोटं शीड लाटांमध्ये दिसायचं, नाहीसं व्हायचं, पुन्हा दिसायचं.

बेटावर माठ उतरले तेव्हा बायकांनी आधी मुलांच्या ओठांना पाणी लावलं. एका घरातला मुलगा मात्र डोळे उघडत नव्हता. त्याला गावातल्या वैद्याकडे न्यायला हवं होतं. त्याची आई होडीकडे बघायची आणि मागे सरकायची.

"रिकाम्या होडीतून?" ती म्हणाली. "या वाऱ्यात? त्या दिवशी काय झालं ते सगळ्या बेटाने पाहिलंय."

तेवढ्यात यमुनी पुढे आली. तिने आपली मुलगी सासूच्या हातात दिली.

"त्या दिवशी मी होडीत होते," यमुनी म्हणाली. "तेव्हापासून रोज मी किनाऱ्यावरून ही होडी बघते. मला वाटायचं, आज उलटेल. रोज वाटायचं. आता वाटत नाही. वहिनी, तुम्ही बसा. मी तुमच्या शेजारी बसते."

चांगुणा पोशाला म्हणाली, "माठ समुद्राच्या पाण्याने भरा."

"खाऱ्या पाण्याने?"

"रोज हे परवडणार नाही, वेळ जातो आणि माठ धुवावे लागतात. पण आज होडीला वजन हवंय. वजन कसलंही असलं तरी तिला चालेल."

पोशाने आणि बेटावरच्या माणसांनी भराभर माठ भरले. होडी खाली बसली. आई मुलाला छातीशी धरून मधोमध बसली, यमुनी तिला बिलगून बसली. अर्धं शीड उघडलं.

खिंडीपाशी झोत आला. यमुनीने डोळे मिटले. चांगुणाने दोर सोडला, शीड जोरजोरात फडफडलं, होडी थोडी कलली आणि उभी राहिली. दुसरा झोत आला, तिसरा आला. प्रत्येक वेळी होडी कलली आणि प्रत्येक वेळी उभी राहिली. यमुनीने डोळे उघडले ते गावाच्या किनाऱ्यावरच. तांडेल गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. त्याने मुलाला उचललं आणि तो वैद्याच्या घराकडे धावत सुटला. या वयात तो कुणाला धावताना दिसला नव्हता.

मुलगा वाचला. त्याच दिवशी होडीने दुसरी खेपही केली. पुढे वारे पडले, पाऊस आला, बेटावरची माणसं पागोळ्यांखाली हंडे लावून बसली, आणि होडीला थोडी विश्रांती मिळाली.

पावसाळा संपल्यावर चांगुणाचं नाव किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलं. लांबच्या एका खाडीतला माणूस तिला शोधत आला. त्याचं नाव रायाजी. त्याने वाळूवर ओढलेली होडी पाहिली, शीड हाताने चाचपलं, डोलकाठीची उंची वितेने मोजली आणि खूश होऊन म्हणाला, "चांगुणाताई, मला अगदी असंच शीड शिवून द्या. हेच माप, हाच आकार. तसूभर फरक नको."

चांगुणा म्हणाली, "नाही देणार."

रायाजीचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"तुमची होडी केवढी आहे?"

"याच्यापेक्षा लांब. आणि तळ सपाट नाही, खोल आहे."

"तिच्यातून काय नेता?"

"नारळ. जातानाही आणि येतानाही होडी भरलेलीच असते."

"तुमच्या खाडीत वारा कुठून येतो?"

रायाजीने डोकं खाजवलं. "मागून येतो बहुतेक. खरं सांगू का, मी नीट पाहिलेलं नाही."

"मग माझं शीड घेऊन तुम्ही काय करणार? या शिडाने तुमची होडी जागची हलायची नाही, आणि तुम्ही मला शिव्या द्याल." चांगुणा हसली. "तुम्हाला कदाचित मोठं लागेल. कदाचित तिकोनी लागेल. मला माहीत नाही. घरी जा, घरातली एखादी जुनी गोधडी बांधा आणि तुमची होडी तुमच्या पाण्यात उभी करा. पोशा तुमच्याबरोबर येतील. पण उत्तर ते देणार नाहीत."

रायाजी पोशाला घेऊन गेला. पुढे त्याच्या खाडीत एक उंच तिकोनी शीड उभं राहिलं, चांगुणाच्या शिडासारखं अजिबात न दिसणारं, आणि त्याची नारळांनी भरलेली होडी तिथल्या वाऱ्यावर मजेत ये-जा करायला लागली. मग शेजारच्या खाडीत आणखी वेगळं शीड उभं राहिलं, त्याच्या पुढच्या खाडीत आणखी वेगळं. त्या किनाऱ्यावर एकासारखं दुसरं शीड दिसेनासं झालं, आणि होड्या उलटणंही जवळजवळ थांबलं.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याचा मोठेपणा बघून नव्हे आणि स्वतःची भीती बघूनही नव्हे, तर आपलं बळ आणि आपलं काम पारखून जो साधन निवडतो, तोच पैलतीराला पोचतो.